साडेसहाशेचा पर्जन्यमापक, दोन पावसाळे वापरून

आधी तारे देऊन टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. पाचपैकी साडेतीन. एक तारा रेघा उडाल्या म्हणून कापला, अर्धा नरसाळ्याच्या जाळीपायी. घ्यावा का? कोरडवाहू रान असेल आणि रोज सकाळी साडेआठला वाकून बघणारं कुणी घरात असेल, तर घ्या. नसेल तर तेवढ्या पैशात चौघांचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं जेवण होतं, ते करा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. आम्ही राहतो जुळे सोलापुरात. चार एकर रान नान्नजच्या बाजूला, माळढोक अभयारण्याच्या अलीकडं. तिथल्या वस्तीवर माझे सासरे राहतात, आप्पा. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कपाळाला भस्म, आणि जमेल त्या सोमवारी एसटीनं सिद्धेश्वराला. शहरात या म्हटलं की म्हणतात, "तिथं आभाळ कुठाय?"

हे यंत्र घेण्याला कारण 2023 चा ऑगस्ट. देशात 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. आमच्याकडं रोज दुपारी ढग जमायचे, आता कोसळतो की काय असं करायचे आणि कर्नाटकाकडं निघून जायचे. मी देव्हाऱ्यापुढं बसून भांडायचे. सगळ्या जगाला देतोस, नान्नजच्या वाटेवर आला की हात का आखडतोस, असं एकदा सरळ विचारलं. आप्पा बाहेर कट्ट्यावर बसले होते. तिथूनच म्हणाले, "दिलंय की त्येनं. तू मोजलंस काय बाई?"

ते आपलं बोलण्याच्या ओघात म्हणाले. पण मी बत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. मला ते लागलं.

पुढच्या मे महिन्यात, म्हणजे 2024 ला, हैदराबाद रोडला बाजार समितीच्या बाजूच्या एका कृषी सेवा केंद्रात गेले. पर्जन्यमापक म्हटल्यावर पोरगं आत जाऊन धूळ झटकत एक खोकं घेऊन आलं. मालक म्हणाले, "ताई, हे शाळावाले नेतात प्रयोगाला." मी विचारलं, शेतकरी नेत नाहीत? "शेतकऱ्याला कशाला? आभाळ दिसतंय की त्याला." घासाघीस करून साडेसहाशेला दिला. पावती मिळाली, गॅरंटी काही नाही.

आता वस्तूकडं येते. बाहेर पारदर्शक प्लॅस्टिकचं डबडं, त्यात एक बारीक नळी, वर नरसाळं. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मी पट्टीनं मोजला, 11.3 सेंटिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर, हिशेबाला एकदम सोपं. आतल्या नळीचं तोंड त्याच्या एक दशांश. त्यामुळं एक मिलिमीटर पाऊस पडला की नळीत पाणी एक सेंटिमीटर चढतं. ही कल्पना ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार. अर्ध्या मिलिमीटरचा पाऊससुद्धा डोळ्याला दिसतो. नळीत 25 मिलिमीटर मावतं, जास्त झालं तर ओसंडून बाहेरच्या डबड्यात साठतं, ते नंतर नळीत ओतून मोजायचं. साध्या एका नळीवर रेघा मारलेला स्वस्तातला येतो, तो घेऊ नका. त्यात दोन-तीन मिलिमीटर म्हणजे तळाशी नुसती ओल.

घरी आणल्या आणल्या खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण घेतलं आणि दहा टोपणं पाणी नरसाळ्यात ओतलं. शंभर मिली, म्हणजे दहा मिलिमीटरवर यायला पाहिजे. आलं साडेनऊवर. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे यंत्र शंभरात पाच कमी दाखवतं. मी वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवलं आणि दरवेळी तेवढं वाढवून धरते. तुम्हीही घेतलात तर हे टोपणाचं काम आधी करा. दहा मिनिटं लागतात.

मांडायचा कुठं, यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा. नियम असा, की आजूबाजूला झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब, आणि तोंड जमिनीपासून फूटभर उंच, म्हणजे खालचे शिंतोडे उडून आत जात नाहीत. आप्पांनी बांधाजवळच्या मोकळ्या जागेत बाभळीचा खुंट ठोकला, वरून पाण्याचा तांब्या ठेवून तो समतल आहे का पाहिलं. खुंट ठोकून झाल्यावर त्याला हळदीकुंकू लावलं. मी काही बोलले नाही. त्यांनीच नंतर नळीत चिमूटभर कुंकू टाकलं. "पाणी लाल झालं की रेघ दिसती, नायतर ह्या डोळ्यान्ला काय कळतंय?" खरंच दिसते. कंपनीनं माहितीपत्रकात लिहायला हवं होतं. तोटा एवढाच, की दोन महिन्यांत नळी तळाशी गुलाबी झाली, ती अजून तशीच आहे.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ धरतात, म्हणून मीही तीच धरली. आप्पा उकिडवे बसून बघतात, मग फोन करतात, मी वहीत लिहिते. शनिवार-रविवार मी असते तेव्हाही मला बघू देत नाहीत.

पहिल्या जूनमध्येच माझी जिरली. एक दिवस फोन आला, "एक." मी म्हटलं, एकच? म्हणजे काहीच नाही. फोन ठेवला आणि सवयीनं वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. एकर चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटरचा. चार एकराला सोळा हजार लिटर. दहा हजाराचा टँकर धरला तर दीड टँकरवर झालं. ज्याला मी "काहीच नाही" म्हटलं होतं ते दीड टँकर पाणी होतं, बिल न येता, रात्रीत, प्रत्येक ढेकळावर सारखं वाटून दिलेलं. टँकरवाल्याला एवढं वाटून दे म्हणून सांगून बघा.

त्या वर्षी ऑक्टोबरअखेर वही मिटून ठेवली आणि घरात प्रत्येकाला विचारलं, यंदा एकूण किती झाला असेल? ह्यांनी साडेतीनशे सांगितला, मुलानं तीनशे, मी स्वतः चारशे. आप्पा म्हणाले, मला विचारू नका. बेरीज आली 612. आपल्या जिल्ह्याची सरासरी पाचशे-साडेपाचशेच्या घरात धरतात, त्याच्याही वर. रोज स्वतःच्या हातानं लिहिणारी मी, आणि माझाच अंदाज दोनशेनं कमी. लक्षात काय राहिलं होतं, तर आषाढातले अठरा कोरडे दिवस. ते अठरा दिवस मला तारखांसकट पाठ होते. पडलेला पाऊस पाठ नव्हता. 612 ला सोळा हजारानं गुणलं, जवळजवळ एक कोटी लिटर. चार एकरात हजार टँकर. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो?" आणि चहा मागितला.

शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी टोमणा मारला होता. देवावर एवढा भरवसा, तर मोजता कशाला? असेल हरी तर देईल खाटल्यावरी. मला उत्तर नंतर सुचलं, नेहमीसारखं. अहो, आपण राहतो कुठं? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात तळं खोदलं. शिवावर त्यांच्याएवढा भरवसा सोलापुरात आणखी कुणाचा होता? तरी माती उपसली, माणसं जमवली. पाऊस धाडणारा धाडील, पण साठायला खड्डा लागतो एवढं त्यांना ठाऊक होतं. इथं 1933 पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे, त्यांनीही आयुष्यभर तेच सांगितलं. बांध घाला, ओल धरा.

आप्पांची स्वतःची मापं वेगळीच आहेत आणि यंत्र आल्यावरही ती सुटलेली नाहीत. बुरबुर, पागोळ्या गळल्या, सरीत पाणी उभं राहिलं, ओढा वाहिला. मग दुसऱ्या दिवशी कुदळीनं उकरून ओल किती गेली ते बोटांनी बघायचं, टिचभर, वीतभर. मी माझ्या वहीत शेजारी एक रकाना पाडून त्यांचे शब्द लिहायला लागले. दोन वर्षांनी बघते तर पागोळ्या म्हणजे साधारण चार ते सहा, सरीत पाणी म्हणजे वीसच्या वर, हे जवळजवळ चुकत नाही. आणि एक गोष्ट यंत्राला कळत नाही, ती त्यांच्या शब्दांना कळते. दहा मिलिमीटर अर्ध्या तासात पडला की वाहून जातो, तोच रात्रभर पडला की जिरतो. यंत्र दोन्हीला दहाच म्हणतं. हा यंत्राचा दोष धरत नाही, पण घेणाऱ्याला माहीत असावं.

शिवाय पंचांग आहेच. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, आमच्या घरी दुसरं चालत नाही. मृगाचं वाहन काय, आर्द्राचं काय, हे आप्पा मे महिन्यातच बघून ठेवतात. बेडूक, म्हैस, हत्ती आला की भरपूर, कोल्हा किंवा मेंढा आला की आखडता. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल ते वाहन. हे मी मुलांना भागाकार शिकवताना वापरायचे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत होम मैदानावर वासराची भाकणूक बघायलाही आप्पा चुकवत नाहीत. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, खोबरं, पान-सुपारी मांडतात, ते ज्याला तोंड लावील ते महागणार, आणि त्यानं मूत्र केलं की पाऊस भरपूर. मी वहीत वाहनांचा रकानाही पाडला होता. दोन वर्षांत जमलेलं आणि चुकलेलं जवळजवळ सारखं निघालं. आप्पांना दाखवलं. त्यांना जराही वाईट वाटलं नाही. "ते इचारायचं असतं बाई. त्येनं सांगितलंच पायजे असं कुठाय?"

टिटवीचं सांगायलाच हवं, कारण गेल्या वर्षी मेअखेर ते जूनअखेर यंत्र जवळजवळ वापरता आलं नाही आणि त्यात कंपनीचा काही दोष नाही. खुंटापासून तीन हातांवर, खडे-ढेकळांतच, टिटवीनं चार अंडी घातली. घरटं वगैरे काही नाही. जमिनीला नुसती खोलगट आणि चार ठिपकेदार अंडी, ढेकळापासून वेगळी ओळखू येत नाहीत. आप्पा जवळ गेले की ती पंख पाडून ओरडत अंगावर यायची, मग लांब जाऊन लंगडल्यासारखं करायची. दोन सकाळी त्यांनी प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "आज मोजलं न्हाय. ती बसलीया."

मग मुलानं मोबाइलचा कॅमेरा मोठा करून लांबून नळी वाचायची युक्ती शिकवली. कुंकवानं लाल झालेलं पाणी स्क्रीनवर बऱ्यापैकी दिसतं. त्या शनिवारी दुपारी मी कडुनिंबाखाली बसून पाहिलं. ऊन रणरणतं. टिटवी उठली, शेजारच्या हौदाच्या गळक्या नळाखाली साचलेल्या थारोळ्यात पोटावर बसली, पिसं भिजवली आणि पळत परत येऊन अंड्यांवर बसली. पाच-सहा मिनिटांनी परत तेच. तासाभरात नऊ वेळा मोजलं. तो नळ दुरुस्त करायचा म्हणून मी महिनाभर ह्यांच्या मागं लागले होते. त्या दिवशी गप्प बसले.

वस्तीवरची माणसं येऊन अंदाज सांगून गेली. टिटवीनं ओढ्यात अंडी घातली की पाऊस कमी, वर घातली की भरपूर, आणि आमची तर बांधालगत उंचावर. आप्पा हसले. "ती काय पंचांग बघून घालती का? तिला जागा गावली." जूनच्या शेवटी तीन पिल्लं निघाली, चौथं अंडं तसंच राहिलं.

तक्रारी आता. रेघा आणि आकडे छापील आहेत, कोरलेले नाहीत. सोलापूरच्या उन्हात पहिल्याच वर्षी 10 ते 18 मधल्या उडाल्या. मी लाल नेलपॉलिशनं परत काढल्या, औषधाच्या टोपणानं माप घेऊन, आणि खरं सांगायचं तर माझ्या रेघा जास्त बरोबर आहेत. नरसाळ्यावरची जाळी पातळ, ती तिसऱ्या महिन्यात फाटली. मग मुंग्या, निंबाची पानं, एकदा एक बेडकाचं पिल्लू. खुंटाला बसवायची पट्टी गंजली. दुकानात विचारलं तर सुटे भाग येत नाहीत म्हणाले. आणि हेही ऐकून ठेवा, आपल्या घरच्या नळीतला आकडा पंचनाम्याला किंवा विम्याला कुणी धरत नाही. तिथं महसूल मंडळाच्या केंद्राचा आकडा चालतो, चोवीस तासांत 65 झाला की अतिवृष्टी. आपल्या रानात काय पडलं ते आपल्यापुरतं.

यापुढचं अभिप्रायात बसतं का मला माहीत नाही, पण ते सोडून वस्तूबद्दल लिहिणं खोटं होईल. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तो सगळ्यांना आठवतो. माझी नणंद मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला दिलेली. घट बसले आणि एक-दोन दिवसांतच पाणी घरात शिरलं. माणसं, जनावरं निघाली. सोयाबीन, कडब्याची गंज, ऊस, आणि ओढ्याकडच्या दोन एकरांतली माती, सगळं गेलं. माती म्हणजे मातीच. खाली खडक दिसायला लागला.

आमच्या नळीत त्या रात्रीचा आकडा होता 58. दोन नळ्या भरून वर आठ. सरकारी अतिवृष्टीतसुद्धा बसत नाही. नणंदेच्या गावातही काही फार जास्त नव्हता. पाणी आलं ते वरच्या अंगाचं, अहिल्यानगर, धाराशिवकडचं. तिच्या दारात जे आलं ते तिच्या आभाळातून पडलेलंच नव्हतं. हे मी वहीत नीट लिहून काढलं, जणू लिहिल्यानं काही होणार होतं.

आठ दिवसांनी रस्ता सुरू झाल्यावर भेटायला गेले. ती चिखल काढत होती. मला बघून थांबली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या त्या नळीत मावला का गं देव?"

मला उत्तर आलं नाही. आताही येत नाही. हजार टँकरचा हिशेब मला तोंडपाठ होता, तिथं तो माझ्या तोंडातून निघाला नाही. मी पदर खोचला आणि तिच्याबरोबर चिखल काढला.

परत आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग टेम्पोवाल्याला फोन लावायला सांगितला आणि आमच्या गंजीतल्या निम्म्या पेंढ्या लेकीकडं धाडल्या. वर एक पोतं मालदांडी ज्वारीचं बियाणं. मी म्हटलं, पुढं आपल्या बैलांना? "बघंल की त्यो," एवढंच. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी सकाळीही त्यांनी नळी वाचली होती, चार, आणि मला फोनवर सांगायचं विसरले होते. दोन वर्षांत तेवढी एकच नोंद संध्याकाळची आहे.

नणंद अजून कधी पावसाचा आकडा विचारत नाही. पूर्वी गमतीनं विचारायची.

तर घेणाऱ्यांसाठी. मृगाच्या आधी घ्या, जूनमध्ये दुकानात उरत नाही. नळी-नरसाळ्याचाच मागा. जाळीसाठी डासांच्या जाळीचा तुकडा दोऱ्यानं बांधा, चांगला टिकतो. नेलपॉलिश गडद घ्या. कुंकवापेक्षा हळद कमी डागते असं शेजारणीचं म्हणणं आहे, मी करून पाहिलेलं नाही.

काल संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं होतं. शहरात नुसती धूळ. आज साडेआठला आप्पांचा फोन आला. म्हणाले, तळाला कुंकू भिजलंय, पण पहिल्या रेघेपर्यंत काही नाही.

"मग शून्य लिहू का आप्पा?"

"शून्य कशाला? लिव की, येऊन गेला म्हणून."